सर्व कंपन्यांचे राघू

आमच्या घरात साध्या आवाजात कोणी बोलत नसे. उंद्रीच्या बसस्टँडला लागूनच आमचं घर, पुढे पत्र्याचं शेड, आणि शेडमध्ये बाबा सकाळपासून पत्रा ठोकत बसलेले. त्या ठणठणाटात "भाकर झाली" हेसुद्धा ओरडूनच सांगावं लागे. पुढे मी शिक्षिका झाले तेव्हा पहिल्याच दिवशी मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तुमचा आवाज मागच्या बाकाच्याही पलीकडे जातो." मी मनात म्हटलं, पत्र्याशी भांडून कमावलेला आवाज आहे हा. आजही सून फोनवर म्हणते, आई, तुम्हाला फोनची गरजच नाही. मग मी मुद्दाम आणखी वरच्या पट्टीत बोलते.

बाबांचं नाव दादाराव, पण गावात त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत. आयटीआयमध्ये फिटरचं शिकून आलेले. वखराची पास, पाण्याचा पंप, सायकल, बंडीची धाव, काय वाटेल ते दुरुस्त करायचे. आणि माय, म्हणजे माझी आई, हंगामात मजुरीला जायची आणि उन्हाळ्यात घरी शेंगा फोडायची. भुईमुगाच्या शेंगा. पेरणीसाठी दाणा लागतो तो अख्खा लागतो, त्याचं लाल साल जरा जरी निघालं तरी तो उगवत नाही. म्हणून मोठे शेतकरी पोत्यानं शेंगा बायकांकडे आणून टाकायचे आणि बाया अंगठ्याच्या नखानं एकेक शेंग फोडायच्या. मे महिना निम्मा सरेपर्यंत मायच्या दोन्ही अंगठ्यांना चिंध्या बांधलेल्या असत. ठेचा तिला हातानं खाता येत नसे. मीठ-मिरची नखाखालच्या जखमेत शिरे, म्हणून भाकरीचा तुकडा ती दोन बोटांत धरून ताटात फिरवायची. बाबा समोर बसून ते पाहायचे.

एक दिवस त्यांनी तेलाचं रिकामं पिंप उभं कापलं. त्या अर्ध्या पिंपाला खाली जाळी, आत लोखंडी दाते बसवलेला दांडा, आणि दांडा झोपाळ्यासारखा पुढे-मागे ढकलायचा. शेंगा जाळीवर घासून फुटायच्या आणि दाणे-टरफलं खाली पडायची. पण दाणेही फुटायचे. बाबा जाळी बदलत, दाते कापत, पुन्हा जोडत. दोन उन्हाळे असे गेले. त्यात फुटलेले दाणे टाकून कसे द्यायचे? मग दाण्याची चटणी, दाण्याची आमटी, दाण्याचं कूट घातलेली वांगी, गुळाचे लाडू. बाबांची प्रत्येक चूक आम्ही खाल्ली. शेवटी माझा धाकटा भाऊ दाण्याचं नाव काढलं की ताटावरून उठायला लागला.

मग बाबांना सायकलच्या टायरचं सुचलं. जुनं टायर कापून त्याच्या पट्ट्या त्यांनी दात्यांना बोल्टनं आवळल्या. लोखंड शेंगेला लागतच नव्हतं, लागत होतं ते रबर. मायनं पहिली पाटीभर शेंग टाकली, दांडा ढकलला, आणि खालून लालचुटूक अख्खे दाणे ओघळले. तिनं मूठ भरून घेतली, एकेक दाणा उलटापालटा करून पाहिला. "राघूवानी फोडते हे," ती म्हणाली. "शेंग फोडते, दाण्याले दुखवत नाही."

बस. बाबांनी यंत्राला हिरवा रंग दिला, दांड्याची मूठ लाल केली, आणि सरकारी दवाखान्यातून आणलेल्या जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर राघू कोरून त्याचा छाप पिंपावर मारला. त्या राघूच्या पोटात कोणाच्या तरी बरगड्या आहेत असं मला लहानपणी वाटे. बँकेतले एक साहेब यंत्र पाहायला आले होते, ते म्हणाले, मिस्त्री, नाव नोंदवून घ्या. त्यांनीच अर्ज भरून दिला. बऱ्याच महिन्यांनी मुंबईहून रजिस्टर पोस्टानं राघू हे नाव नोंदल्याचा कागद आला. बाबांनी तो काच लावून भिंतीवर टांगला. इंग्रजीत होता. शेजारपाजारचे लोक आले की बाबा तो अडखळत वाचून दाखवायचे आणि लोक मान हलवत ऐकायचे, विहारात वंदना ऐकतात तसे.

राघू कसा पसरला ते मी डोळ्यांनी पाहिलं, तरी मला अजून नीट सांगता येत नाही. पहिल्या वर्षी उंद्रीत सहा-सात घरी. मग चिखलीच्या बाजारात, मग मेहकरकडे, मग थेट मोताळ्याच्या बाजूला रोहिणखेडपर्यंत. एसटीच्या टपावर हिरवी पिंपं बांधून जायची. आधी लोक म्हणायचे, "मिस्त्रीचं ते शेंगा फोडायचं यंत्र." मग म्हणाले, "राघूछाप यंत्र." तिसऱ्या उन्हाळ्यात छापही गळाला आणि यंत्रही गळालं. "राघू रिकामा आहे काय?" "राघू उद्या देतो." बाबा खूश होते. आपण ठेवलेलं नाव लोकांच्या तोंडात बसावं, यापेक्षा मिस्त्रीला दुसरं काय हवं.

साखरखेर्ड्याची ती बाई मला अजून आठवते. हातभर बांगड्या, डोक्यावर चुंबळ, आणि चुंबळीवर यंत्र. बसमधून उतरून ती सरळ शेडमध्ये आली आणि म्हणाली, "मिस्त्री, माहा राघू अडकला. पेरणी तोंडावर आली."

बाबांनी यंत्र खाली घेतलं. ते निळं होतं. पिंपावर पिसारा फुलवलेला मोर. पलीकडच्या जिल्ह्यातल्या कोण्या कारखानदारानं आमच्या यंत्राची नक्कल काढली होती.

"बाई, हा कोनता?" बाबांनी विचारलं.

"मोरछाप राघू," बाई म्हणाली.

बाबा इतके हसले की त्यांना हातातला पाना खाली ठेवावा लागला. बाई आधी बावरली, मग तीही हसली, कशाला ते न कळताच. बाबांनी तो मोरछाप राघू उघडला, वाकलेला दांडा सरळ केला आणि तासाभरात तिच्या डोक्यावर ठेवून दिला. माय मात्र चिडली.

"त्यायचा माल तुम्ही कायले दुरुस्त करता?"

"माल त्यायचा आहे," बाबा म्हणाले. "बियाणं तर बाईचंच आहे ना."

ही त्यांची कामाची रीतच होती. पेरणीच्या तोंडावर दारात आलेलं यंत्र ते परत पाठवत नसत, मग ते कोणाचंही असो. बायांना हे कळलं तसे निळे, पिवळे, रंग न दिलेले, सगळेच राघू आमच्या अंगणात येऊन बसायला लागले. लोक तरी बिचकत विचारायचे, मिस्त्री, दुसऱ्या कंपनीचं घेता का? रोज रोज तेच सांगून कंटाळले तेव्हा बाबांनी मला पाटी रंगवायला सांगितली. मी तेव्हा नववीत होते आणि गावातल्या विहाराची पाटी मीच रंगवलेली होती, त्यामुळे माझा तोरा काही कमी नव्हता. पत्रा म्हणजे एका मोडक्या कपाटाचं अरुंद दार. बाबांनी तोंडी सांगितलं, "लिही. येथे सर्व कंपन्यांची शेंगा फोडण्याची यंत्रे दुरुस्त करून मिळतील." मी खडूनं आखून पाहिलं. "शेंगा फोडण्याची यंत्रे" काही केल्या त्या दारात मावेना. अक्षरं बारीक केली तर रस्त्यावरून दिसणार नाहीत. मी खडू पुसला आणि लिहिलं, "येथे सर्व कंपन्यांचे राघू दुरुस्त करून मिळतील." छान मावलं. दोन्ही बाजूंना एकेक फूल काढायलाही जागा उरली. बाबा हात पुसत बाहेर आले, वाचलं आणि म्हणाले, "झकास."

पुढे दोन-तीन वर्षं ती पाटी ऊन खात उभी होती आणि तिच्यात काही वावगं आहे असं कोणाच्याही मनात आलं नाही.

मग एका उन्हाळ्यात एक म्हातारी ओच्यात दाणे घेऊन आली. सगळे सोललेले, निम्मे फुटके. तिनं ते बाबांच्या पुढ्यात ओतले. "राघूनं माह्या बियाण्याचा भुगा केला रे दादाराव. तुयावर भरोसा ठेवून घेतला म्या." बाबा तिच्या घरी जाऊन आले. यंत्र मोराचंच होतं, पण आता त्यावर मोराखाली ठळक अक्षरांत "राघू" असं छापलेलं होतं. आत रबर नव्हतं, नुसतं लोखंड. त्या रात्री बाबा जेवले नाहीत. लोकांनी तोंडानं काही म्हणावं, त्याचं त्यांना काही नव्हतं. पण लोखंडाच्या दात्याचं यंत्र राघू म्हणून विकलं जातं, आणि दाणा फुटला की शिवी राघूला बसते, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. त्यांच्या लेखी राघू म्हणजे दाण्याला दुखवत नाही ते. दुसऱ्या दिवशी भिंतीवरचा कागद काढून, टॉवेलात गुंडाळून ते बुलढाण्याला वकिलाकडे गेले आणि मोरवाल्या कारखानदारावर दावा लावला.

आमचे वकील सावकाश बोलणारे, पानवाले गृहस्थ होते. एकदा बाबांसोबत मीही गेले होते, तेव्हा त्यांनी आम्हा दोघांना समजावून सांगितलं. नाव जोवर तुमच्या मालाकडे बोट दाखवतं, तोवर ते तुमचं. ते त्या जातीच्या सगळ्याच वस्तूंकडे बोट दाखवायला लागलं, आणि तुम्ही स्वतः ते चालू दिलं, तर कायदा म्हणतो की हा शब्द आता सगळ्यांचा झाला, एकट्याला अडवून ठेवता येणार नाही. समोरचा वकील हेच म्हणणार. म्हणून आजपासून नुसतं राघू म्हणायचं बंद. म्हणायचं, "राघूछाप शेंगाफोड यंत्र". घरात, दारात, स्वप्नातसुद्धा.

त्या दिवसांत आमच्या घरी जे चाललं ते आठवून मला आजही हसू येतं. जीभ अशी सरळ होते थोडीच? भाऊ म्हणायचा, "बाबा, राघ..." आणि तोंडावर हात ठेवायचा. माय तर बंडावरच उतरली. "राघूछाप शेंगाफोड यंत्र इकडं सरकवा म्हणेपर्यंत शेंगा उगवतीन," ती म्हणायची. "अन् आपण काय करतो? दुकानातून कोणत्याही कंपनीचं दंतमंजन आणलं तरी नाव त्या एकाच कंपनीचं घेतो ना आपण? त्यानं येऊन तुमच्या दाताले धरलं काय?" बाबा आपले भिंतीकडे तोंड करून पाठ केल्यासारखं पुटपुटत, राघूछाप शेंगाफोड यंत्र, राघूछाप शेंगाफोड यंत्र.

पाटी मात्र सगळ्यांच्या नजरेतून सुटली. रोज समोर असलेली वस्तू दिसत नाही, तसं झालं. ती दिसली समोरच्या पक्षाच्या माणसाला. तारखेच्या आदल्या दिवशी आमच्या वकिलांनी बाबांना फोटो दाखवला. कपाटाचं दार, दोन फुलं, आणि मधे माझं सुंदर वळणदार अक्षर. सर्व कंपन्यांचे राघू.

"मिस्त्री, हे कोणी लिहिलं?"

"पोरीनं."

वकिलांनी पान गालात सरकवलं. मग म्हणाले, "मग उद्या तेवढंच सांगा. पोर होती, तिनं तिच्या मनानं लिहिलं, मला माहीत नव्हतं. खोटंही नाही त्यात. तुम्ही तर वेगळंच सांगितलं होतं."

मी शेजारच्या बाकावर बसले होते. घरी येताना बसमध्ये बाबांनी मला खिडकीची जागा दिली आणि चिखलीला उतरून कचोरी घेतली, पण मी ती तशीच भावासाठी बांधून ठेवली. कपाटाच्या दारात चार अक्षरं मावली नाहीत म्हणून मी माझ्या बापाचं नाव घालवलं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कोर्टात गेलो. मायनं बेसन-भाकर फडक्यात बांधून घेतली होती. मेजावर निळा मोरछाप पुरावा म्हणून आणून ठेवला होता. बाबा पांढरा सदरा घालून पिंजऱ्यात उभे राहिले. समोरचे वकील तरुण होते आणि अतिशय नम्र. त्यांनी फोटो पुढे धरला.

"ही पाटी तुमच्या दुकानाची?"

"हाव."

"कोणी लिहिली?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आमचे वकीलही पाहत होते. मी खाली फरशीकडे पाहत बसले.

"लेकीनं लिहिली," बाबा म्हणाले.

"तुम्हाला न विचारता?"

"मी दुसरं सांगतलं होतं. ते पत्र्यावर मावलं नाही. मंग तिनं हे लिहिलं." जरा थांबून ते म्हणाले, "पण मी वाचलं साहेब. लिहून झाल्यावर मी वाचलं अन् मले बरोबर वाटलं. पोरीवर कायले टाकू?"

"म्हणजे दुसऱ्या कंपन्यांची यंत्रंही राघूच, असं तुम्हाला बरोबर वाटलं?"

"लोक तसंच म्हणून राह्यले होते. पाटी लोकायसाठीच लावतेत ना."

आमच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. समोरचे वकील वाकून खाली बसले. आणि मग जे घडलं ते इतकं किरकोळ होतं की खोलीत कोणी झोपलं असतं तर त्याची झोपही मोडली नसती. पुढच्या खटल्याचे कागद आणायचे होते आणि मेजावर जागा नव्हती. कोर्टाच्या म्हाताऱ्या शिपायानं निळं यंत्र दोन्ही हातांनी उचललं आणि विचारलं, "साहेब, राघू कुठी ठेवू?"

न्यायाधीश मान खाली घालून लिहीत होते. लिहिता लिहिताच म्हणाले, "राघू खिडकीजवळ ठेवा."

आणि त्यांची लेखणी थांबली. त्यांनी मान वर केली. दोन्ही वकील त्यांच्याकडे पाहत होते. शिपाई यंत्र पोटाशी धरून उभाच, आपलं काही चुकलं का म्हणून. इतकी शांतता मी माझ्या बापाच्या आसपास कधी अनुभवली नव्हती. मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं होतं, ते कोसळतील. पण त्यांचा चेहरा पहिल्यांदा अख्खा दाणा खाली पडला तेव्हा झाला होता तसा झाला होता. न्यायाधीशांचं गाव कुठलं कोणास ठाऊक. शिपायाला हा खटला कशाचा हेही माहीत नसावं. त्या दोघांना ती वस्तू हलवायची होती आणि तिच्यासाठी त्यांच्याजवळ एकच शब्द होता, तो मायनं आमच्या अंगणात उच्चारलेला.

निकाल काही आठवड्यांनी लागला. आम्ही हरलो. शब्द आता सर्वांचा झाला आहे आणि वादीनं स्वतः तो तसा वापरला आहे, असं त्यात लिहिलं होतं. बाबांनी भिंतीवरची काच उतरवली, कागद काढून मायच्या पेटीत ठेवला आणि काचेत भावाचा शाळेतला फोटो लावला. मी कोपऱ्यात बसून रडत होते. दोन दिवस रडत होते. तिसऱ्या दिवशी उंद्रीचा बाजार होता. बाबांनी मला पिशवी दिली आणि म्हणाले, "चाल."

आम्ही भाजी घेतलीच नाही. मिरचीच्या ढिगांपलीकडे भज्यांचं एक दुकान होतं, त्याच्या कट्ट्यावर त्यांनी मला बसवलं आणि कागदात गरम भजी दिली.

"आता खाय अन् ऐक," ते म्हणाले.

मला काही कळेना. बाजारात गोंगाट होता तसाच होता. मग कानाला एकेक ऐकू यायला लागलं. एक बाई दुसरीला सांगत होती, "राघू सोमवारपर्यंत देजो व, मंग माह्या जावेकडं न्यायचा आहे." एक माणूस गड्यावर खेकसत होता, "राघूत ओल्या शेंगा टाकशील तर काय होईन बे?" बी-बियाण्याच्या दुकानदाराला कोणी विचारत होतं, राघूचं बियाणं आहे की हाताचं. एक लहानगी पोर आईच्या मागे लागली होती, मले राघूचा दांडा ढकलू दे म्हणून. कोणी आमच्याकडे पाहत नव्हतं. रोहिणखेडचा असेल, कुठला असेल, एक म्हातारा आमच्याच शेजारी टेकला आणि बाबांनाच म्हणाला, "पाव्हणं, अठी राघू दुरुस्त करणारा कोणी मिस्त्री आहे म्हणतेत, कुठी बसते तो?" बाबांनी अदबीनं रस्ता सांगितला. मी आहे, असं म्हणाले नाहीत.

"बाबा, पाटी मी लिहिली," मी म्हणाले.

"येडी आहेस काय? तुया पाटीच्या आंधीपासून म्हणून राह्यले हे. तू ऐकलं अन् लिहिलं." त्यांनी भज्याचा तेलकट कागद चुरगळला. "मी लोखंड वाकवलं, विशाखा. पण हे..." आणि त्यांनी नुसता बाजाराकडे हात केला. माझ्या बाबांना मी त्या दिवशी थक्क झालेलं पाहिलं, आणि मीही थक्क झाले. शब्द म्हणजे पुस्तकात असतात आणि फार पूर्वी कोणी तरी शहाण्या लोकांनी केलेले असतात, असंच मला तोवर वाटत आलेलं.

घरी आल्यावर त्यांनी टायरचा मोठा भारा आणला. "सगळेच राघू झाले नं," ते मायला म्हणाले, "मंग सगळ्याहिनं राघूवानीच फोडलं पाह्यजे." त्या हंगामात आणि पुढच्या प्रत्येक हंगामात, दारात आलेल्या कोणत्याही रंगाच्या यंत्राला, न मागता, त्यांनी रबराच्या पट्ट्या बसवून दिल्या. दुसरे मिस्त्री पाहायला आले तर त्यांना माप लिहून दिलं. दाता केवढा, जाळीपासून किती बोटं अंतर, पट्टी कुठून कापायची. कारखानदाराकडचा माणूससुद्धा एकदा येऊन गेला. बाबांनी त्याला चहा पाजला आणि मापाचा कागद दिला. मायनं त्या दिवशी चहात साखर घातली नव्हती, पण तो तिचा आणि त्याचा प्रश्न.

बाबांनी मला माफ केलं होतं, किंवा माफ करण्यासारखं काही झालंच नाही असं त्यांना वाटत होतं. मी मात्र तो शब्द नंतर तोंडातून काढला नाही. आधी काही महिने वकिलांच्या धाकानं, मग सवयीनं, आणि मग खरं कारण तेच, पाटी. घरात, माहेरी, शाळेत, मी "मशीन" म्हणायचे. बाबा गेले तेव्हा भेटायला आलेल्या बाया आठवणी काढत होत्या, राघूच्या गोष्टी सांगत होत्या, आणि त्यांच्यात एकटी मीच होते जिला ते दोन अक्षरांचं नाव घेता येत नव्हतं. माणसाचा हट्ट कशावर बसेल सांगता येत नाही. माझा बसला तो चाळीस वर्षं उठला नाही.

गेल्या उन्हाळ्यात साखरखेर्ड्याला एका जुन्या विद्यार्थिनीकडे गेले होते. जेवण झालं, दाण्याची चटणी छान होती, दोनदा मागून घेतली. ओसरीवर तिची मुलगी, वीस-बावीस वर्षांची, शेंगा फोडत बसली होती. प्लास्टिकचं पांढरं यंत्र, खाली बारकी मोटर, बटण दाबलं की घुर्र सुरू. त्यावर कुठल्या कंपनीचं नाव होतं ते इंग्रजीत होतं, मला वाचता आलं नाही, चष्मा आत राहिला होता.

"कधी घेतलं ग हे?" मी विचारलं.

"राघू? दिवाळीत घेतला."

"असं काऊन म्हणतात याले?" जन्मभर वर्गात शुद्ध बोललेली मी, पण तोंडातून आलं ते उंद्रीचंच.

ती पोरगी माझ्याकडे पाहतच राहिली. मी बाईंना शोभणार नाही असं काही तरी विचारलं होतं. "म्हणजे?" ती म्हणाली. "राघूच आहे ना तो. पहिल्यापासून राघूच म्हणतात."

मी तिला बटण बंद करायला सांगितलं. यंत्र थांबलं. झाकणाला दोन कड्या होत्या, त्या मी सोडल्या आणि झाकण उचललं. आत टरफलांचा भुसा होता, तो फुंकून बाजूला केला आणि बोट घातलं. दात्यांवर रबराच्या पट्ट्या होत्या. साच्यात ओतलेल्या, गुळगुळीत, पण रुंदी तीच, आणि जाळीपासून तेवढंच अंतर. मी बोटांनी मोजलं.

"काय पाहून राह्यलात बाई?" पोरीनं विचारलं. "काही बिघडलंय का?"

मी झाकण लावलं, कड्या घातल्या, सुपातल्या मूठभर शेंगा आत टाकल्या.

"नाही ग," मी म्हणाले. "राघू चांगला आहे तुझा."